दबस्कार बंडळी

धुळवडीच्या सकाळी मी दुधाची पिशवी आणायला खाली उतरलो, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं. जिन्याच्या तोंडाशी डाव्या कानामागे फटकन काहीतरी फुटलं आणि गार पाण्याची एक धार मानेवरून शर्टाच्या आत, पाठीच्या पन्हाळीतून थेट खाली गेली. वर बघितलं तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतली चार डोकी एकदम खाली बसली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब समोरून आले आणि माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"वा, बरे सापडलात! रंगपंचमीला संध्याकाळी गच्चीवर हास्यसंध्या आहे. वीस मिनिटं तुमची. नाही म्हणू नका, बोर्डावर नाव लिहून झालंय."

"विषय?"

"ह्यूमर."

"म्हणजे विनोद?"

"नको, विनोद म्हटलं की लोकांना वाटतं पाणचट असेल. ह्यूमर म्हटलं की कसं, जरा दर्जा वाटतो."

सहा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझा एक विनोदी लेख छापून आला. (फोटो दुसऱ्याच कुणाचा होता, पण लेख माझाच.) तेव्हापासून सोसायटीत मी 'विनोदी' आहे. लिफ्ट अडकली की आतले सगळे माझ्याकडे आशेने बघतात. घरी मात्र माझ्या विनोदाला एकच विशेषण आहे आणि ते सेक्रेटरीसाहेबांनी नुकतंच उच्चारलं होतं. पाणचट. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या रात्री पहिली शिंक आली. मग मोजणं सोडून दिलं. ज्याला सर्दी झालेली नाही त्याला सर्दीचं गांभीर्य सांगता येत नाही, आणि ज्याला झालीय तो ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. डाव्या कुशीवर झोपलो की डावी नाकपुडी बंद. उजवीकडे वळलो की चार-पाच मिनिटं शांतता, आणि मग आतला सगळा ऐवज हळूहळू सरकत उजव्या बाजूला मुक्कामाला. उताणा झालो की दोन्हीकडे समान वाटप. पहाटे तीन वाजता मी पलंगावर बसून, भिंतीला टेकून, तोंडाने श्वास घेत पंख्याकडे बघत होतो. पंखा बंद होता. त्याचाही त्रास होत होता.

सकाळी कळलं की भाषेचंही नुकसान झालंय. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी म्हणालो, "बला पाडी दे."

ही ओट्यापाशी होती. वळून म्हणाली, "बला कोणाला म्हणताय?"

"तुला दाही गं. बी... बी बला पाडी बागतोय."

पाणिनीने एका सूत्रात सांगून ठेवलंय की तोंड आणि नाक दोन्ही मिळून ज्याचा उच्चार होतो तो अनुनासिक. म्हणजे नाक संपावर गेलं की म चा ब होतो, न चा द होतो आणि ण चा ड. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जे ठाऊक होतं ते मला धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी समजलं. आणि तीन दिवसांनी मला गच्चीवर माइकपुढे उभं राहून पहिलं वाक्य म्हणायचं होतं: नमस्कार मंडळी. दोन शब्दांत चार अनुनासिकं! मराठी माणसाने सभेची सुरुवात जरा कोरड्या शब्दांनी करायची पद्धत ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

उपाय सुचवायला अख्खी सोसायटी धावून आली. सर्दी हा एकच आजार असा आहे की त्यावर प्रत्येकाकडे हमखास इलाज असतो आणि स्वतःला झाली की प्रत्येकजण आठ दिवस शिंकतो. कुणी सुंठ-गूळ सांगितला, कुणी रात्री पायाच्या तळव्यांना तेल. समोरच्या काकू ओव्याची पुरचुंडी घेऊनच आल्या. तव्यावर गरम करून हुंगायची. आणि हुंगता हुंगता ऐकायचं की, "वाग्भटाने लिहिलंय, शिशिरात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो. ऋतूच तसा आहे. तुमचा काही दोष नाही." एवढं आपुलकीने माझ्याशी गेल्या कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. हिचा काढा वेगळाच. आलं, गवती चहा, मिरे, लवंग, दालचिनी, तुळस हे तर सगळेच घालतात. आमच्या काढ्यात जुने हिशोबही उकळलेले असतात.

संध्याकाळी वाफारा घ्यायचं ठरलं. टीपॉय फार खाली येत होता, वाकून पाठ भरून येत होती. म्हणून हिने पातेल्याखाली कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक आणून ठेवलं. डोक्यावरून जुना टॉवेल, समोर खळखळतं पाणी, बामाचा डोळ्यांत झोंबणारा वास, नाकाच्या शेंड्यावरून टपकणारे थेंब. त्यातला कोणता थेंब वाफेचा आणि कोणता माझा, हे मला त्या अंधारात सांगता येईना. दहा मिनिटांनी टॉवेल काढला तेव्हा लक्षात आलं की पातेलं ज्याच्यावर होतं ती माझी इंग्रजी डिक्शनरी. शब्दांच्या व्युत्पत्त्या देणारी, दोन हात लावून उचलावी लागणारी. तिच्या पाठीवर पातेल्याचा गोल ठसा उमटला होता आणि पानं बाक आल्यासारखी फुगली होती.

उगाच वाईट वाटलं म्हणून उघडली. भाषण डोक्यात होतंच. एच काढला, ओलसर पानं एकमेकांपासून सोडवली आणि 'ह्यूमर' शोधला.

लॅटिन 'उमोर'. अर्थ: ओलावा, द्रव, पाणी.

मी दोनदा वाचलं. मग नाक शिंकरून तिसऱ्यांदा वाचलं. ज्याच्या जोरावर माणसं दर्जेदार ठरतात त्या ह्यूमरचा मूळ अर्थ ओल. दमट हवेला 'ह्यूमिड' म्हणतात तोच हा भाऊ. पुढचा एच तर लॅटिनमध्येच उगाच चिकटला. 'ह्यूमस' म्हणजे माती, तिच्याशी काही नातं असेल असं वाटून. नातं नव्हतं. खरं नातं निघतं ते आपल्याकडे. संस्कृतात 'उक्ष्' म्हणजे शिंपडणे. भटजी पळीने पाणी शिंपडून 'प्रोक्षण' करतात, ते यातलंच. आणि ही दोन्ही एकाच जुन्या मुळाची पोरं. काही भाषाशास्त्रज्ञ तर 'उक्षन्' म्हणजे बैल आणि इंग्रजीतला 'ऑक्स' यांनाही याच गोठ्यात आणून बांधतात. हे वाचून मला एवढ्या जोराची शिंक आली की टीपॉय, डिक्शनरी आणि हिच्या हातातला काढा, सगळ्यांवर एकदम प्रोक्षण झालं.

"तोंडावर हात धरा की हो!"

"अगं, हा ह्यूबर आहे," मी म्हणालो.

"कोण ह्यूबर?"

मग मला चेवच आला. त्या रात्री झोप लागणार नव्हतीच, तेव्हा उशीला टेकून वाचत बसलो. प्रकार असा की हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतले ग्रीक वैद्य मानत होते, माणसाच्या शरीरात चार रस असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. चारही नीट मिसळलेले असले की माणूस धडधाकट, एखादा वाढला की आजारी. पुढे दुसऱ्या शतकात गॅलन नावाच्या वैद्याने हे इतकं नेटकं बांधून काढलं की युरोपात दीड हजार वर्षं त्याला कुणाला हलवता आलं नाही. या चार रसांना लॅटिनमध्ये म्हणायचे ह्यूमर. आपण तीन दोषांवर भागवलं (सुश्रुताला मात्र रक्तालाही त्यांच्या पंगतीत बसवावंसं वाटलं). रस वाढला की नुसतं पोट बिघडतं असं नाही, स्वभाव बिघडतो. पिवळं पित्त जास्त झालेला संतापी, काळं पित्त साठलेला उदास. ग्रीकमध्ये 'मेलास' म्हणजे काळं आणि 'खोले' म्हणजे पित्त, दोन्ही मिळून 'मेलँकली'. म्हणजे कवींचं सगळं कातर दुःख हे मुळात अ‍ॅसिडिटीचं खातं. या 'खोले'नेच पुढे 'कोलेस्टेरॉल'लाही नाव दिलं, आणि आमच्या मजल्यावरची निम्मी उदासी आता त्याच्याच रिपोर्टवर अवलंबून आहे. रक्त भरपूर असलेला माणूस आनंदी, उत्साही, दुसऱ्यांची नावं न विचारता बोर्डावर लिहिणारा. आणि कफप्रधान माणूस थंड, सुस्त, पलंगावर टेकून डिक्शनरी वाचणारा.

'फ्लेम' म्हणजे कफ, याचं मूळ तर वाचण्यासारखं आहे. ग्रीकमध्ये 'फ्लेग्मा' हा शब्द जळणे या धातूवरून आलाय. चार रसांतला सगळ्यात गार आणि ओला रस, आणि नाव आगीचं! पंडितांना याचं नवल वाटत असेल. दिवसभर रुमालाने नाक पुसलेल्या माणसाला यात समजून सांगण्यासारखं काही नाही.

हेच ग्रीक वैद्यक अरबांकडे गेलं आणि तिथून युनानी होऊन आपल्याकडे आलं. 'बलगम' हा त्याच फ्लेग्माचा अरबी अवतार. चार रसांचं ज्याच्या-त्याच्या शरीरात जे मिश्रण होतं त्याला अरबीत म्हणतात 'मिजाज'. मिजाज म्हणजे मिश्रण. आपण त्याची मिजास केली. 'काय मिजास आहे बघा याची!' असं आपण म्हणतो तेव्हा नकळत समोरच्याच्या रक्त-कफ-पित्ताच्या प्रमाणाबद्दल बोलत असतो. मला विचाराल तर 'ह्यूमर'ला मराठीत प्रतिशब्द विनोद हा नव्हेच, मिजास हा आहे. पण हे गच्चीवर सांगून उपयोग नव्हता, सेक्रेटरीसाहेबांना तो टोमणा वाटला असता.

मग हा रस हसण्यापर्यंत पोचला कसा? तर इंग्रजांमुळे, आणि नाटकांमुळे. सोळाव्या शतकात लंडनमध्ये प्रत्येक विक्षिप्तपणाला ह्यूमर म्हणायची फॅशन आली होती. १५९८ साली बेन जॉन्सनने नाटकाच्या नावातच हा शब्द घातला, 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर'. त्यात काम करणाऱ्यांच्या यादीत शेक्सपिअरचंही नाव आहे. पुढच्याच वर्षी त्याचं दुसरं नाटक आलं, 'एव्हरी मॅन आउट ऑफ हिज ह्यूमर'. त्यात जॉन्सनने समजावूनच सांगितलं की एखादी खोड माणसाला अशी व्यापते की त्याचं सगळं मन, सगळं बळ एकाच दिशेने वाहायला लागतं, त्याला ह्यूमर म्हणावं. म्हणजे आपली 'लहर'. आपणही लहर पाण्याचीच घेतली, बघा. असा लहरी माणूस रंगमंचावर आला की लोक हसायचे आणि त्याला म्हणायचे ह्यूमरिस्ट. ज्याला हसतात तो ह्यूमरिस्ट! पुढच्या शे-दीडशे वर्षांत शब्द सावकाश सरकला, डावीकडून उजवीकडे, आणि जो हसवतो तो ह्यूमरिस्ट झाला. १७४४ साली कॉर्बिन मॉरिस नावाच्या गृहस्थाने विट, ह्यूमर, उपहास वगैरेंची खरी मापं ठरवायला एक आख्खा निबंध लिहिला, तोवर ह्यूमर चांगला प्रतिष्ठित होऊन बसला होता. शरीरातून तो गेलाच नाही, ते वेगळं. डोळ्यांचे डॉक्टर अजून बुबुळामागच्या पाण्याला 'अ‍ॅक्वस ह्यूमर' म्हणतात.

पहाटे दोनला ही जागी झाली. "अजून वाचताय?"

"अगं, 'सेदस ऑफ ह्यूबर' म्हणजे ओलाव्याची जाडीव. बला ती आत्ता या क्षडी पूर्ड आहे, डाव्या दाकपुडीत. आणि 'ड्राय ह्यूबर' म्हणजे कोरडा ओलेपडा. आहे की दाही गंबत?"

"पाणचट," ती म्हणाली आणि कूस बदलली.

आणि मला साक्षात्कार झाला. पाणचट! पाण्याचा! शब्दाच्या मुळाशी गेलं तर पाणचट नसलेला ह्यूमर असूच शकत नाही. वीस वर्षं ही मला दाद देत होती.

शेवटचे दोन दिवस घसा बसला. रंगपंचमीच्या दुपारी मी हिला खुणेने म्हटलं की सेक्रेटरींना कळवून टाकू, जमणार नाही. तिने काढ्याचा पेला पुढे केला. मी नको म्हटलं. मग मी तिला कागदावर लिहून जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट सांगितली: १७९९ च्या डिसेंबरात त्याचा घसा धरला, डॉक्टरांनी बिघडलेले रस काढून टाकायचे म्हणून एका दिवसात चार वेळा रक्त काढलं, आणि १४ तारखेच्या रात्री अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष गेला. ह्यूमरपायी. तिने कागद शांतपणे वाचला आणि म्हणाली, "त्याला काढा मिळाला नसेल." मी प्यायलो.

गच्चीवर साठेक माणसं. पुढे सतरंजीवर मुलं, त्यांत ती चार डोकीही होती. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. कठड्यावर लाल-हिरव्या रंगाचे हाताचे ठसे. सेक्रेटरीसाहेबांनी माझी ओळख करून दिली, माइक माझ्या तोंडाजवळ आणला, स्वतः दोन वेळा त्यात फुंकून बघितलं आणि बाजूला झाले.

मी घसा साफ केला.

"दबस्कार बंडळी."

मुलं सतरंजीवर आडवीच झाली. मी गंभीरपणे पुढे गेलो. रोब, ग्रीस, हिप्पोक्रॅटिस. खुर्च्यांवर सन्नाटा. माझा खास राखून ठेवलेला मुद्दा असा होता: आपला 'विनोद' हा शब्द 'वि' आणि 'नुद्' मिळून होतो. नुद् म्हणजे ढकलणे, आणि विनोद म्हणजे मनातला शीण दूर सारणे. आता ह्यूमर म्हणजे जर कफ, आणि विनोद म्हणजे जर दूर ढकलणे, तर मंडळी, नाक शिंकरणे हा जगातला एकमेव अस्सल ह्यूमरचा विनोद! यावर हशा येणार होता. मी थांबलोसुद्धा. मागून कुणीतरी खुर्ची सरकवली, एवढंच.

मी डोळ्यांतल्या ह्यूमरवर आलो. तेव्हा तिसऱ्या रांगेतून तळमजल्यावरच्या आप्पांनी हात वर केला. आप्पा वर्षानुवर्षं सोसायटीच्या प्रत्येक सभेला येतात आणि कधी चकार शब्द बोलत नाहीत.

"बरोबर आहे तुमचं," ते उभे राहून म्हणाले. "मला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, आप्पा, तुमच्या डोळ्यात ह्यूमर तुंबलाय, बाहेर पडायला वाट नाही. मी म्हटलं, डॉक्टर, चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली, वाट कुठून असणार?"

गच्ची कोसळली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, सेक्रेटरीसाहेब गुडघ्यावर थापा मारत होते. आप्पा गोंधळून म्हणाले, "थेंब दिलेत रात्रीचे," तर त्यावर आणखी हसले. मी माइक धरून उभा. काहीतरी बोलून सभा परत ताब्यात घ्यावी म्हणून मी मोठा श्वास घेतला, आणि तो श्वास परतीच्या वाटेवर असताना माइकमध्ये जी शिंक गेली तिने समोरच्या इमारतीतले दिवे लागले. वीस मिनिटांतली माझी स्वतःची टाळी ती एकच.

आभार मानायला सेक्रेटरीसाहेब आले. माझ्या हातातून माइक घेतला, तोंडाला अगदी लावून धरला आणि म्हणाले, "इतकं ओघवतं भाषण आपल्या गच्चीवर आजवर झालं नाही." मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्यांना काहीही सुचवायचं नव्हतं. जिना उतरताना आप्पांभोवती घोळका होता. पुढच्या वर्षीची वीस मिनिटं त्यांना देऊन झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती दोन्ही नाकपुड्यांनी. कुकरचा, फोडणीचा, कुठल्या तरी मजल्यावरच्या उदबत्तीचा, सगळे वास एकदम आत आले. तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, बी बोलतोय."

"कोण?"

"बी! सेक्रेटरी! दोद दिवस झाले, दाक बंद. तो तुबच्याकडे वाफेचा काय सेट आहे म्हडे..."

हिने पातेलं घासून, टॉवेलमध्ये गुंडाळून खाली पाठवलं. काढ्याची पुडीही दिली. डिक्शनरी मात्र मी दिली नाही. ती गॅलरीत खुर्चीवर उघडी ठेवलीय, वर दोन चिमटे लावून. एच अजून वाळला नाहीये.